न्यायमूर्ती चंदावरकर : उपकार आणि हक्क

अस्पृश्यांच्या मुलांसाठी ज्यांनी आरंभी शाळा काढल्या, त्यांत काही सवर्णही होते. त्यांपैकी एक सर नारायण गणेश चंदावरकर. त्यांचे ऋण मानावे आणि त्यांच्याशी आपल्या लोकांचा मतभेद कोठे झाला तेही समजून घ्यावे.

चंदावरकरांचा जन्म २ डिसेंबर १८५५ रोजी होनावर येथे सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. मुंबईत त्यांनी वकिली केली, 'इंदुप्रकाश'चा इंग्रजी विभाग संपादिला. १९०० साली ते लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९०१ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. कालचा पुढारी आज सरकारी न्यायासनावर! त्यामुळे त्यांच्या निकालांकडे लोक राजकारणाच्या नजरेने पाहात.

ताई महाराज दत्तक प्रकरण कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. टिळकांच्या बाजूचा दत्तक औरंगाबादेस घेतलेला, तर दुसरा कोल्हापूरचा. १९१० साली चंदावरकर व हीटन या न्यायमूर्तींनी टिळकांविरुद्ध निकाल दिला. १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला.

आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळी आहे. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. त्याचे अध्यक्ष चंदावरकर होते. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीने अस्पृश्यांच्या शाळेसाठी उभे राहणे त्या काळी सोपे नव्हते.

पुढे ११ नोव्हेंबर १९१७ रोजी मुंबईत त्यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची सभा भरली. लोकसंख्येच्या प्रमाणात आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क तिने मागितला, पण काँग्रेस-लीग योजनेला पाठिंबाही दिला. त्याच महिन्यात बापूजी नामदेव बागडे यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी सभा झाली आणि तिने तो पाठिंबा नाकारला. काँग्रेसला अस्पृश्यांची आठवण नेमकी १९१७ सालीच का झाली, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात विचारला आहे.

मार्च १९२० मध्ये आपल्याच कागल भागात माणगाव परिषद भरली. अध्यक्षस्थानी तरुण बाबासाहेब होते. तुमचा पुढारी तुम्हाला लाभला, असे शाहू महाराजांनी तेथे लोकांना सांगितले.

१४ मे १९२३ रोजी चंदावरकर वारले. ते आपले वैरी नव्हते. त्यांनी शाळेचे दार उघडले, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. पण आपल्या वतीने कोणी बोलावे हे आपणच ठरवायचे, हा धडाही त्याच वेळी सांगावा.