गोड बोलून येणारा मोह

मैत्रिणींनो, मोह म्हटलं की आपल्याला सोनं, भारी साडी नाहीतर वाईट संगत आठवते. पण खरा मोह पुष्कळदा चांगल्या माणसांच्या तोंडून, मायेनं बोलत येतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस अनेक ख्रिस्ती भगिनी उपवास-प्रार्थनेत घालवतात. येशूला अरण्यात भाकरीचा, मोठेपणाचा आणि वैभवाचा मोह दाखवला गेला, त्याची ती आठवण. पंडिता रमाबाईंच्या वाट्याला हेच मोह वेगवेगळ्या रूपांत आले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आई-वडील गेले, आणि भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. वय अवघं वीस! पुराणं सांगत, हारतुरे घेत आयुष्य सुखात गेलं असतं. पण त्या बायकांच्या दुःखावर बोलू लागल्या, आणि टाळ्या वाजवणारेच कुरकुरू लागले.

१८८२ मध्ये पती गेले. कडेवर लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या जोगिणींनी मायेनं आसरा दिला, पण चर्च सांगेल ते निमूट मानावं, अशी त्यांची अपेक्षा होती. परका मुलुख, पोरीची काळजी. मान डोलावणं किती सोपं होतं! रमाबाईंनी मात्र प्रश्न विचारणं सोडलं नाही. भाकरीसाठी त्यांनी विवेक गहाण टाकला नाही.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला हलवलं. १८९३ मध्ये, मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात म्हणून गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांची मर्जी राखायला स्वतःची प्रार्थना लपवावी, हा सोपा मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही. त्यांचं बरोबर की चूक, यावर आजही वाद होतो. पण सोयीसाठी त्या बदलल्या नाहीत, एवढं नक्की.

१८९६-९७ च्या दुष्काळात पुण्यातलं बस्तान सांभाळून स्वस्थ बसता आलं असतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हाती!

१९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. तेव्हाही त्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यात गढल्या होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आता पुरे, असं म्हणून हात टेकण्याचा मोह हा सगळ्यात मोठा. पण भाषांतर पुरं करूनच ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले.

इथे कोल्हापुरात बचत गटाचं काम करताना मी बघते, शिवी देणाऱ्यापेक्षा स्तुती करणाराच बाईला वाटेवरून लवकर ढळवतो. अशा वेळी एकच विचारावं: हे मी कुणासाठी करते आहे? उत्तर द्यायला जीभ अडखळली, तर समजावं, मोह दारात उभा आहे.