विनोबांचे प्रयाण आणि अखेरच्या शुश्रूषेचा प्रश्न

आचार्य विनोबा भावे यांचे 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनार (जि. वर्धा) येथील आश्रमात निधन झाले, तेव्हा ते 87 वर्षांचे होते. हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी काही दिवसांतच अन्न, पाणी व औषधांचा त्याग केला होता. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीही पवनारला जाऊन त्यांची भेट घेतली. परंतु त्यांचा निर्णय बदलला नाही.

कोकणातील गागोदे येथे 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेल्या विनायक नरहर भावे यांच्या मनावर आई रुक्मिणीबाई यांच्या भक्तीचा खोल संस्कार होता. 1918 मध्ये आईचे निधन झाले. पुरोहितांकरवी अंत्यविधी करणे त्यांना मान्य नव्हते, म्हणून ते स्मशानात न जाता अध्ययनात मग्न राहिले. मरणाच्या दारी कर्मकांडापेक्षा चिंतनाला दिलेले हे स्थान त्यांच्या जीवनात पुढेही कायम राहिले.

1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. आठव्या अध्यायाच्या विवेचनाला प्रयाण-साधना असे नाव आहे. अखेरच्या क्षणी मनात जे उमटते ते आयुष्यभराच्या संस्कारांचे फळ असते, म्हणून मरणाची तयारी रोजच्या जगण्यातच व्हावी, असा त्याचा आशय.

या विरक्तीत रुग्णसेवेचा अव्हेर नव्हता. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली, त्यामागे विनोबांची प्रेरणा होती. भूदानयात्रेत, डिसेंबर 1952 मध्ये, बिहारमधील (आता झारखंड) चांडिल येथे ते हिवतापाने अत्यवस्थ झाले. प्रथम त्यांनी औषध नाकारले. मात्र सहकाऱ्यांच्या व लोकांच्या आग्रहापुढे ते घेतले आणि बरे होऊन पुन्हा चालू लागले. तीस वर्षांनी पवनारला मात्र देहाचे कार्य संपले, अशी त्यांची धारणा झाली होती.

विनोबांचा मार्ग हा प्रायोपवेशनाचा होता. आजची उपशामक शुश्रूषा त्याहून वेगळी आहे. ती मृत्यू लवकर आणत नाही व लांबवतही नाही. वेदना, धाप, भीती यांतून रुग्णाला दिलासा देणे हे तिचे काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत शारीरिक व मानसिक त्रासाबरोबर आध्यात्मिक वेदनेचाही समावेश आहे. मरणासन्न रुग्णाला कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला.

विनोबांची दीर्घ साधना प्रत्येक रुग्णाजवळ असेल, असे नाही. त्यांचे अनुकरण कोणावर लादणेही योग्य ठरणार नाही. तथापि, रुग्णाची श्रद्धा कोणती, त्याला भजन हवे की मौन, पुरोहित हवा की केवळ आप्तांचा सहवास, हे त्यालाच वेळेवर विचारले पाहिजे. पवनारला आप्तांना व आश्रमवासीयांना विनोबांची इच्छा नि:संदिग्धपणे ठाऊक होती. अनेक घरांत मात्र हा विषय रुग्णाची शुद्ध हरपल्यावरच निघतो, आणि मग निर्णयाचा भार गोंधळलेल्या नातेवाइकांवर येऊन पडतो.