आगमनकाळातील सोबती : संत विन्सेंट फेरर (१३५० – १४१९)



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. वेदीवर जांभळा रंग आला, पहिली मेणबत्ती पेटली आणि घरोघरी नाताळची तयारी सुरू झाली. मुले गोठ्यासाठी पेंढा जमवू लागली आहेत, घरांना रंग लागतो आहे, फराळाचा हिशेब चालला आहे. हे सारे चांगलेच आहे. परंतु १६ डिसेंबरपर्यंतच्या उपासनेत ख्रिस्तसभा आपले लक्ष बेथलेहेमच्या गोठ्याआधी दुसरीकडे वळवते. गव्हाणीत जन्मलेला प्रभू एके दिवशी गौरवाने पुन्हा येणार आहे, याची ती आपल्याला आठवण करून देते. दर रविवारी आपण विश्वासांगीकारात हे म्हणतो. म्हणताना आपल्यापैकी किती जण मनात थोडे तरी थांबतात?

कुठे युद्ध पेटले, भूकंप झाला की काही जण मला विचारतात, फादर, जगाचा शेवट जवळ आला का? तारखेसह संदेश मोबाइलवर फिरतात. अशा वेळी मला सहाशे वर्षांपूर्वीच्या एका संताची आठवण होते. प्रभूचे पुनरागमन अगदी तोंडावर आले आहे असे त्यांना मनापासून वाटत होते आणि वीस वर्षे त्यांनी युरोपभर हेच सांगितले. त्यांच्या हयातीत तो दिवस आला नाही. तरीही ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. असे का, हे समजून घेण्यासाठी आज त्यांचे चरित्र पाहू या.

तर्कशास्त्राचा शिक्षक

विन्सेंट फेरर यांचा जन्म १३५० साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात झाला. वडील नोटरी होते. लोकांचे करार, खरेदीखते आणि मृत्युपत्रे लिहून देणे हा त्यांचा व्यवसाय. विन्सेंटच्या जन्माआधी दोनच वर्षे प्लेगच्या महाभयंकर साथीने त्या शहराला गाठले होते. मरण दाराशी उभे असते, हे त्या पिढीला वेगळे शिकवावे लागत नव्हते.

१३६७ साली ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. आपल्या वसईच्या किल्ल्यात ज्यांच्या मठाचे आणि चर्चचे अवशेष आजही उभे आहेत, तोच हा उपदेशकांचा संघ. विन्सेंट यांची बुद्धी तल्लख होती. लेरिदा, बार्सिलोना आणि तुलूज येथे त्यांनी अध्ययन-अध्यापन केले. तर्कशास्त्र हा त्यांचा हातखंडा विषय आणि त्यावर त्यांनी ग्रंथही लिहिला. सेमिनरीत तर्कशास्त्राने आम्हा विद्यार्थ्यांना पुरता घाम फोडला होता. पुढे ज्याचे प्रवचन ऐकून शेतकरी रडत, तो मनुष्य एके काळी हा रुक्ष विषय शिकवीत होता, याचे मला नेहमी नवल वाटते.

दोन पोप, दोन संत

१३७८ साली ख्रिस्तसभेवर मोठे संकट आले. मार्च महिन्यात पोप अकरावे ग्रेगरी निवर्तले. रोममध्ये कार्डिनलांनी सहावे अर्बन यांची निवड केली आणि काही महिन्यांतच त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती निवड दबावाखाली झाली असे सांगून सातवे क्लेमेंट यांना निवडले. एक पोप रोममध्ये, दुसरे फ्रान्समधील आव्हिन्यों शहरात. राजे, विद्यापीठे, मठ, सगळे दुभंगले. खरा पोप कोणता, हे भल्याभल्यांना कळेना. सिएनाच्या संत कॅथरिन रोमच्या बाजूला होत्या, तर त्याच डॉमिनिकन परिवारातील विन्सेंट आव्हिन्योंच्या बाजूला. दोघांचेही मन स्वच्छ होते. यावरून कळते की प्रामाणिक माणूसही, संतसुद्धा, चुकीच्या बाजूला उभा राहू शकतो.

विन्सेंट यांनी १३८० साली आव्हिन्योंच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले. १३९४ साली त्यांचे स्नेही कार्डिनल पेद्रो दे लुना हे बेनेडिक्ट तेरावे या नावाने आव्हिन्योंचे पोप झाले. त्यांनी विन्सेंट यांना आपल्याकडे बोलावून घेतले आणि आपल्या पापनिवेदनाचे धर्मगुरू नेमले. मान होता, अधिकार होता, पुढे मोठे पद मिळण्याची शक्यता होती. परंतु ख्रिस्तसभेची फाटाफूट मिटत नाही, हे दुःख विन्सेंट यांना आतून खात होते.

१३९८ साली ते तापाने अंथरुणाला खिळले. मरणार असे सर्वांना वाटले. त्या आजारात त्यांना संत डॉमिनिक आणि संत फ्रान्सिस यांच्यासह प्रभू येशूचे दर्शन झाले आणि गावोगाव जाऊन उपदेश करण्याची आज्ञा मिळाली. ते बरे झाले. वर्षभराने, १३९९ च्या नोव्हेंबर महिन्यात, त्यांनी राजवाडा सोडला आणि रस्त्याला लागले. तेव्हा त्यांचे वय ४९ होते. आपल्याकडे या वयात लोक निवृत्तीचे बेत आखू लागतात.

वीस वर्षांची वाटचाल

पुढची वीस वर्षे ते चालत राहिले. दक्षिण फ्रान्स, उत्तर इटली, स्वित्झर्लंड, स्पेन. पाय दुखावल्यानंतर ते गाढवावर बसून प्रवास करू लागले. गावात पोहोचले की सकाळी गायनासह मिस्सा अर्पण करायची आणि मग प्रवचन द्यायचे. देऊळ अपुरे पडे म्हणून चौकात लाकडी मंच बांधला जाई. प्रवचन दोन-तीन तास चाले. (आमची वीस मिनिटे झाली की आपण घड्याळ पाहता!) विषय बहुधा एकच असे. प्रभू न्याय करण्यासाठी येत आहे, तेव्हा उठा, तयार व्हा. म्हणूनच चित्रांत त्यांना पंख आणि तुतारी असलेला देवदूत म्हणून दाखवतात.

ख्रिस्तविरोधक जन्माला आला असावा आणि शेवट अगदी जवळ असावा, असे त्यांचे मत झाले होते. १४१२ साली बेनेडिक्ट यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते सविस्तर मांडले. मात्र तर्कशास्त्राच्या या शिक्षकाने त्याच पत्रात मर्यादाही आखली की हे आपले संभाव्य वाटणारे मत आहे, निश्चित ज्ञान नव्हे. प्रभूने स्वतःच सांगितले आहे की तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कुणालाही ठाऊक नाही (मार्क १३:३२). विन्सेंट यांचा अंदाज चुकला. ते संत होते, तरी चुकला. मग आजचे तारखा सांगणारे किती विश्वासार्ह मानायचे, हे आपणच ठरवावे.

परंतु त्यांच्या श्रोत्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. विन्सेंट यांच्याबरोबर पापनिवेदन ऐकण्यासाठी धर्मगुरूंचा गट असे, गायक असत आणि नोटरीही असत. नोटरी कशासाठी? प्रवचन ऐकून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी एकमेकांना क्षमा करीत. ती क्षमा दुसऱ्या दिवशी विसरली जाऊ नये म्हणून समेटाचा करार तिथल्या तिथे लिहून त्यावर साक्षी घेतल्या जात. नोटरीचा मुलगा होता तो! शब्द कागदावर आला की माणूस सहसा मागे फिरत नाही, हे त्याने घरीच पाहिले असणार.

आणखी एक गोष्ट. १४१० साली त्यांच्या प्रेरणेने व्हॅलेन्सियात अनाथ मुलांसाठी संस्था सुरू झाली. ती संस्था आजही त्यांच्या नावाने मुलांना सांभाळते. थोडा विचार करा. जग लवकरच संपणार असे ज्याला वाटते, त्याने हात झटकून बसायला हवे होते. अनाथ पोराला वाढवून मोठे करायला पंधरा-वीस वर्षे लागतात. तरी विन्सेंट यांना त्या मुलांची चिंता होती. प्रभू उद्या आला, तर तो त्या मुलांबद्दलच विचारणार, हे त्यांना मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातून ठाऊक होते.

सावलीची बाजू

संतांची चरित्रे सांगताना आपण त्यांच्या चुका झाकतो. तसे करू नये. विन्सेंट यांच्या मागून फिरणाऱ्यांत स्वतःच्या पाठीवर चाबकाचे फटके मारून घेणारे प्रायश्चित्त करणारे होते. हे प्रकार हाताबाहेर जातील, असा इशारा पॅरिस विद्यापीठाचे कुलपती जाँ जेर्सों यांनी १४१७ साली त्यांना पत्राने दिला होता. त्याहून दुःखाची गोष्ट यहुदी बांधवांची. विन्सेंट यांनी त्यांच्यावरील हिंसेला विरोध केला. परंतु शेवटापूर्वी सर्वांनी ख्रिस्ती व्हावे या तळमळीपायी यहुद्यांना आणि मुसलमानांना वेगळ्या वस्तीत ठेवण्याला त्यांनी पाठिंबा दिला. १४१२ साली कॅस्टिल राज्यात तसे कडक कायदे झाले, त्यामागे त्यांच्या उपदेशाचा प्रभाव होता. निरपराध कुटुंबांना घरे सोडावी लागली, धंदे बंद पडले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने यहुदी लोकांविषयीची आपली भूमिका स्पष्ट केली, तेव्हा ख्रिस्तसभा या जुन्या वाटेपासून निश्चयाने दूर झाली.

यातून आपण काय घ्यावे? शेवटच्या न्यायाचे भय स्वतःच्या हृदयाकडे वळवले, तर त्यातून पश्चात्ताप येतो. तेच भय शेजाऱ्याकडे रोखले, तर त्याचे हत्यार होते. प्रभू येणार म्हणून दुसऱ्याची पापे मोजत बसायचे नाही. मोजायची ती स्वतःची.

स्वतःची वेळ आली तेव्हा

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग. विन्सेंट यांनी हजारोंना सांगितले होते, चूक सोडा, समेट करा. एके दिवशी हे त्यांना स्वतःलाच करावे लागले.

१४०९ नंतर तर पोपपदाचे तीन दावेदार झाले होते. तिढा सोडवण्यासाठी कॉन्स्टन्स येथे १४१४ साली विश्वपरिषद भरली. रोमचे पोप बारावे ग्रेगरी यांनी १४१५ साली राजीनामा दिला. पिसाच्या बाजूच्या दावेदाराला परिषदेने त्याच वर्षी पदावरून दूर केले. राहिले बेनेडिक्ट. त्या वर्षीच्या शरद ऋतूत पर्पिन्यां शहरात सम्राट सिगिस्मुंड, अरागॉनचे राजे फर्नांदो आणि स्वतः विन्सेंट यांनी बेनेडिक्ट यांच्या विनवण्या केल्या. त्यांनी ऐकले नाही.

आजारी राजाने विन्सेंट यांचा सल्ला मागितला. एका बाजूला अनेक वर्षांचा स्नेह, ज्यांचे पापनिवेदन ऐकले ते पोप, ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले तो पक्ष. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ताचे फाटलेले शरीर, म्हणजे त्याची ख्रिस्तसभा. विन्सेंट यांनी निर्णय घेतला. ६ जानेवारी १४१६, प्रकटीकरणाचा सण. पर्पिन्यां येथे मोठ्या जमावासमोर त्यांनी प्रवचन दिले आणि अरागॉन राज्य यापुढे बेनेडिक्ट यांच्या आज्ञेत राहणार नाही, ही घोषणा स्वतःच्या तोंडाने वाचली. जवळजवळ चाळीस वर्षे ज्या बाजूने ते उभे राहिले होते, ती बाजू वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांनी सर्वांदेखत सोडली.

पुढच्या वर्षी परिषदेने बेनेडिक्ट यांना पदच्युत केले आणि ११ नोव्हेंबर १४१७ रोजी पाचवे मार्टिन यांची निवड झाली. ख्रिस्तसभा पुन्हा एका पोपच्या आज्ञेत आली. बेनेडिक्ट मात्र समुद्रकाठच्या पेन्यिस्कोला किल्ल्यात मीच खरा पोप असे म्हणत अखेरपर्यंत राहिले. दोन मित्र, दोन शेवट. एकाने आपली चूक मोकळेपणाने सोडली, दुसऱ्याने ती कवटाळली. प्रभूच्या येण्यासाठी दोघांपैकी कोण तयार होता, हे सांगायला नको.

विन्सेंट पुन्हा रस्त्याला लागले. १४१८ साली ते फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गेले. थकलेले होते, आधाराशिवाय चालता येत नव्हते, तरी उपदेशाला उभे राहिले की अंगात बळ येई असे म्हणतात. ५ एप्रिल १४१९ रोजी व्हान शहरात त्यांचे निधन झाले. जगाचा शेवट पाहायला ते राहिले नाहीत. पण ज्याची वाट पाहत ते वीस वर्षे चालले, त्याची आणि त्यांची भेट त्या दिवशी झाली. १४५५ साली व्हॅलेन्सिया प्रांतातलेच पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. ५ एप्रिल हा त्यांचा सण.

आपले काय?

बंधू-भगिनींनो, जगाचा शेवट केव्हा, हे आपल्याला ठाऊक नाही. माझा शेवट मात्र नक्की आहे आणि तो माझ्या आयुष्याच्या मर्यादेतच आहे. विन्सेंट यांची तारीख चुकली, तयारी चुकली नाही.

आपल्या धर्मग्रामात बांधावरून आणि वाटणीवरून न बोलणारी भावंडे आहेत. एकाच मिस्सेला येतात, एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतात आणि दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडतात. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. मला स्वतःलाही काही जणांची क्षमा मागायची आहे आणि ती नाताळपूर्वी मागायचे मी ठरवले आहे. आपणही या चार आठवड्यांत एका माणसाचे नाव कागदावर लिहा. संत विन्सेंट यांच्या नोटरीसारखे लिहूनच ठेवा. त्या माणसाच्या घरी जा, निदान फोन करा. कुणाचे देणे असेल तर द्या. मग पापनिवेदनाला या. नाताळपूर्वी दर शनिवारी सायंकाळच्या मिस्सेपूर्वी मी पापनिवेदनासाठी बसणार आहे.

घराला रंग देऊन झाला नाही, तरी प्रभू येईल. पण दाराबाहेर आपला भाऊ उभा असेल आणि दार बंद असेल, तर प्रभूने कुठून आत यावे?

हे प्रभू येशू, तू केव्हा येशील हे आम्हांला ठाऊक नाही. तू येशील तेव्हा आम्ही एकमेकांशी बोलत असू दे. संत विन्सेंट फेरर, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

– आपले प्रमुख धर्मगुरू