आईच्या विश्रांतीचा हक्क आणि बाबासाहेब

तापाने फणफणलेला कामगार घरी थांबला तर त्याचा फ्लू फार तर घरात पसरतो. तोच कामगार खाडा पडेल या भीतीने कामावर आला, तर शेजारच्या यंत्रावरच्या चार जणांना तो देऊन जातो. त्या चौघांत एखादी पाच-सहा महिन्यांची गर्भवती असेल, तर धोका दोन जीवांना होतो. म्हणून फ्लूपासून संरक्षण मास्क आणि लस यांच्याइतकेच पगारी रजेशीही जोडलेले आहे. घिवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावातून बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या बाईला आजारपणात किंवा बाळंतपणात पगारासह घरी थांबता येते, यामागे मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा महत्त्वाचा आहे. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. कामगार स्त्रीच्या आरोग्यासाठी त्यांनी केलेले काम त्या मानाने कमी सांगितले जाते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. भीमराव लहान असतानाच भीमाबाई गेल्या आणि आत्या मीराबाईंनी त्यांचा सांभाळ केला. पुढे हे कुटुंब मुंबईत गिरणगावात, परळच्या चाळीत आले. एका खोलीत अख्खे बिऱ्हाड, बाहेर सामाईक नळ, भोवती गिरण्यांचे भोंगे असे ते वातावरण होते. याच वस्तीत राहून ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकले. दापोलीजवळच्या वणंदच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न झाले. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला आणि १९१७ मध्ये परत मुंबईत आले.

पुढच्याच वर्षी मुंबईवर फ्लूची महासाथ कोसळली. जून १९१८ मध्ये पहिली लाट आली, ती तुलनेने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट मात्र भयंकर ठरली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकट्या मुंबईत दिवसाला शेकड्यांनी माणसे मरत होती. देशभरातील बळींचा अंदाज सव्वा कोटीच्या पुढे जातो. दाटीवाटीच्या चाळी, उपासमार आणि रजा नसलेले गिरणीकाम यांचा फायदा विषाणूला मिळाला. तरुण, धडधाकट माणसे दोन-तीन दिवसांत न्यूमोनियाने गेली. भारतात पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक होते. आजाऱ्यांची सेवा त्याच करत होत्या आणि आजारी पडल्यावर त्यांची सेवा करायला अनेकदा कोणी उरत नव्हते. अमेरिकेत १९१९ मध्ये फ्लू झालेल्या सुमारे साडेतेराशे गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांना न्यूमोनिया झाला होता आणि एकूण सुमारे २७ टक्के दगावल्या होत्या. गरोदरपणात फ्लू वेगळाच वागतो, हे त्या साथीने वैद्यकशास्त्राला शिकवले.

साथ ओसरू लागली त्या नोव्हेंबरमध्ये आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. राहणे मात्र परळच्या चाळीतच होते. घरात आजारपण आणि मृत्यू यांची ये-जा चालूच होती. रमाबाई आणि त्यांना पाच मुले झाली. त्यांपैकी यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न बालपणीच गेले. १९२६ च्या जुलैमध्ये राजरत्न गेला, तो धक्का बाबासाहेबांना फार लागला. स्वतः रमाबाईंची प्रकृतीही पुढे ढासळत गेली आणि २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. अनेक बाळंतपणे आणि अपुरे उत्पन्न यांची किंमत आईचे शरीर कसे मोजते, हे त्यांनी आपल्याच घरात पाहिले होते.

१९२७ मध्ये सरकारने त्यांची मुंबई कायदेमंडळावर नेमणूक केली. पुढच्या वर्षी तेथे गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले. हे विधेयक बाबासाहेबांनी मांडले होते असे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. त्यांनी त्याला पाठिंबा दिला. मात्र २८ जुलै १९२८ रोजी त्यांनी केलेली मांडणी आजही वाचण्यासारखी आहे. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर काही काळ आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. हा भार खरे तर मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचे कल्याण ही सरकारची जबाबदारी आहे, हा दुसरा. पण सरकार तो उचलत नसेल तर मालकाने उचलावा. बायकांना कामावर ठेवणे मालकाला फायद्याचे असते म्हणूनच तो त्यांना ठेवतो. मग त्या फायद्यातून थोडा खर्च करणे अन्यायाचे नाही, असा अर्थशास्त्रज्ञाचा रोखठोक युक्तिवाद त्यांनी केला.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा मंजूर झाला. असा कायदा करणारा मुंबई हा देशातला पहिला प्रांत. १९३४ मध्ये मद्रासने तसाच कायदा केला आणि मग इतर प्रांतही त्या वाटेने गेले. मिळणारी रजा काही आठवड्यांचीच होती आणि शेतमजूर, घरकाम करणाऱ्या, मासळी विकणाऱ्या बायका त्यात नव्हत्या. तरीही बाळंतपणासाठी घरी थांबलेल्या बाईला पैसे मिळणे हा तिचा हक्क आहे, हे कायद्याने प्रथमच मान्य केले.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नोव्हेंबर १९३८ मध्ये या पक्षाचे रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागची मांडणी बाबासाहेबांची होती. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे आरोग्य खचते, हा त्यातला मुख्य धागा. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू व्हायला अजून चौदा वर्षे होती.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांच्या कारकिर्दीत दुरुस्त्या झाल्या. डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणी पाहायला ते स्वतः गेले. पण याच काळात युद्धासाठी कोळसा हवा म्हणून सरकारने जमिनीखाली स्त्रियांना काम देण्यावरची बंदी उठवली. त्यावर कडाडून टीका झाली आणि मजूरमंत्री म्हणून तिला उत्तर देण्याची वेळ बाबासाहेबांवर आली. ती बंदी फेब्रुवारी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. कामगार स्त्रीच्या शरीरावर युद्धाचा, बाजाराचा आणि सरकारचा दाब किती असतो, हे या प्रकरणातून दिसते.

याच कारकिर्दीत पायाभूत काम झाले ते आरोग्य विम्याचे. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यावरून १९४८ मध्ये राज्य कर्मचारी विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, झाला. तोवर बाबासाहेब कायदामंत्री झाले होते आणि घटनेचा मसुदा तयार करत होते. कामाच्या ठिकाणी माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद राज्याने करावी, असे घटनेचे ४२ वे कलम सांगते. अखेरच्या वर्षांत मधुमेहाने त्यांना पोखरले होते. डॉक्टर असलेल्या सविताबाई त्यांची काळजी घेत होत्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज या हक्कांचा फ्लूशी संबंध कसा येतो, ते पाहू. गरोदरपणात गर्भाशय वाढते तसे श्वासपटल वर ढकलले जाते, फुप्फुसांना फुलायला जागा कमी पडते, हृदयाचे काम वाढते आणि प्रतिकारशक्तीतही बदल होतात. त्यामुळे साधा वाटणारा फ्लू लवकर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. तीव्र तापामुळे बाळालाही धोका असतो आणि मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता वाढते. प्रसूतीनंतरचे दोन आठवडेही जपण्याचे असतात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीतही गर्भवतींमध्ये गंभीर आजाराचे प्रमाण जास्त दिसले.

सर्वांत भरवशाचे संरक्षण म्हणजे फ्लूची लस. मृत विषाणूपासून केलेली इंजेक्शनची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घेता येते. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याचेही रक्षण करतात. सहा महिन्यांपर्यंत बाळाला ही लस देता येत नाही, म्हणून हे महत्त्वाचे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास वाढतो. लस शक्यतो पावसाळ्याआधी घ्यावी. जवळच्या सरकारी रुग्णालयात लसीची चौकशी करावी.

कामावर गर्दीच्या रिक्षात, कंपनीच्या बसमध्ये आणि बंद हॉलमध्ये मास्क लावावा. शक्य तर खिडकीजवळची जागा मागावी. कँटीनमध्ये शेवटी किंवा आधी जेवावे, पाण्याचा पेला स्वतःचा ठेवावा, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. खोकणाऱ्या सहकाऱ्यापासून दूरची जागा सुपरवायझरकडे मागण्यात संकोच नको. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस आजार पसरवू शकतो.

ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली तर गर्भवतीने वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ऑसेल्टामिविर हे औषध गरोदरपणातही देतात आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. इतर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठावे.

आणि रजेचे काय? ज्यांच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते, त्यांना डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आजारपणाचा भत्ता मिळतो. तो वेतनाच्या ७० टक्के असतो आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. साधारणपणे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पूर्ण वेतनाची प्रसूती रजा आहे. त्यासाठी आधीच्या काळात किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ठेकेदारामार्फत कामाला असलेल्या बाईलाही हा हक्क आहे. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का, आपला विमा क्रमांक आहे का, हे गरोदर राहण्याआधीच तपासून ठेवावे. कपात होत असेल आणि क्रमांक मिळाला नसेल, तर तो मागून घ्यावा.

१९१८ मध्ये गिरणीतल्या गर्भवतीकडे लस नव्हती, औषध नव्हते आणि पगारी रजाही नव्हती. लस आणि औषध विज्ञानाने दिले. रजा मात्र कायदेमंडळात भांडून मिळवावी लागली. ती नियमाप्रमाणे मागणे आणि शेजारी खोकणाऱ्या सहकाऱ्यालाही ती घ्यायला सांगणे, हा फ्लूपासूनच्या बचावाचाच भाग आहे.