कॅमेरा घडवणारा चित्रकार : बाबूराव पेंटर



मागच्या गुरुवारी रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून, मुलांना घेऊन आम्ही घरीच एक जुना सिनेमा लावला. 1958 सालचा इटालियन 'हर्क्युलस'. स्टीव्ह रीव्ह्जचे ते पीळदार दंड, साखळ्यांनी ओढून पाडलेले राजवाड्याचे खांब, तलवारी, घोडे... मुले जाम खूष! सिनेमा संपल्यावर थोरल्याने विचारले, की आपल्या मराठीत असले सिनेमे कोणी काढले होते का? आम्ही दोघे मूळचे कोल्हापूरचे, शिक्षणही तिकडचेच. तरी उत्तर द्यायला आम्हाला दोन मिनिटे लागली. नंतर नाव आठवले आणि इतका वेळ का लागला याची थोडी लाजही वाटली. हा लेख त्या दोन मिनिटांची भरपाई समजा!

इटलीत असे सिनेमे काही 1958 साली सुरू झाले नव्हते. 1914 साली जिओव्हानी पास्त्रोने याने तुरीन शहरात 'काबिरिया' नावाचा भव्य मूकपट काढला. त्यात माचिस्ते नावाच्या बलदंड माणसाची भूमिका बार्तोलोमेओ पागानो याने केली. हा पागानो मुळात जेनोआ बंदरातला कामगार. पास्त्रोनेने कॅमेरा चाकांच्या गाडीवर ठेवून हलवायची युक्तीही याच सिनेमात गाजवली. थोडक्यात, पुराणातली किंवा इतिहासातली गोष्ट, ताकदवान नायक, प्रचंड सेट आणि नवी यंत्रे असा हा मसाला. जवळपास त्याच काळात आपल्या कोल्हापुरात एक माणूस हेच करू पाहत होता. फरक एवढाच, की त्याच्याकडे कॅमेराच नव्हता!

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. चित्रकला आणि शिल्पकला ते स्वतःच्या मेहनतीवर शिकले. चुलतभाऊ आनंदराव हेही तसेच हरहुन्नरी. 1910 ते 1916 या काळात ही जोडी नाटकांचे पडदे रंगवण्यात अग्रेसर होती. तो संगीत नाटकांचा सुवर्णकाळ. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळे काही पडद्यावर रंगवलेले असायचे, आणि पडदा वर गेला की निम्म्या टाळ्या चित्रकाराच्या. या कामामुळे 'पेंटर' हेच दोघा भावांचे आडनाव होऊन बसले.

1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून दोघा भावांना सिनेमाने झपाटले. पैसे उभे करण्यासाठी त्यांनी आधी सिनेमे दाखवण्याचा धंदा करून पाहिला आणि विलायती कॅमेरा परवडेना म्हणून तो घरीच बनवायचे ठरवले. काम चालू असतानाच 1916 साली आनंदराव वारले. दुसरा एखादा असता तर तिथेच थांबला असता. बाबूरावांनी मात्र विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून काम पुढे नेले आणि 1918 च्या सुमारास कॅमेरा चालू केला.

आम्ही इंजिनिअर असल्यामुळे इथे जरा रेंगाळतो, तेवढे सहन करा. सिनेमाचा कॅमेरा म्हणजे नुसती भिंग लावलेली पेटी नव्हे. आतली फिल्म सरळ वाहून चालत नाही. ती सेकंदाला साधारण सोळा वेळा थांबली पाहिजे, थांबलेली असतानाच तिच्यावर उजेड पडला पाहिजे, उजेड झाकल्यावर पुढे सरकली पाहिजे आणि पुन्हा नेमकी त्याच जागी थांबली पाहिजे. हे सगळे हाताने फिरवायच्या दांड्यावर! दात्यांमध्ये केसाएवढा फरक पडला तरी पडद्यावर चित्र थरथरणार. आमच्या कामात प्रोग्रॅम चुकला तर दुरुस्त करून पुन्हा चालवता येतो. त्यांना मात्र चूक कळायची ती फिल्म धुतल्यावर, म्हणजे पैसे खर्च झाल्यावर. इथे मदिनेत हिजाझ रेल्वेच्या जुन्या स्टेशनातले संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ती रेल्वे 1908 साली इथे पोहोचली. तिची इंजिने पाहिली की त्या काळचे लोखंडकाम कसे असे, याची कल्पना येते. त्याच काळातला हा माणूस, हातात कसली पदवी नसताना, घड्याळजीच्या नाजूकपणाने सिनेमाचे यंत्र घडवत होता.

यंत्र तयार झाले, पण भांडवल? ते दिले कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' झळकला. फाळक्यांना पहिल्या सिनेमात तारामतीच्या कामासाठी पुरुष घ्यावा लागला होता. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आणले. तेव्हा सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहत असे ते सांगायला नको. या बायकांना त्याची किंमत मोजावी लागली. बाळासाहेब यादव आणि झुंझारराव पवार हेही या चित्रपटात होते. कुस्तीच्या गावात बलदंड माणसांची काय कमी! भीमाने कीचकाला मारल्याचा प्रसंग तर इतका खरा वाटला, की पुढे तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले, असे सांगतात.

आणि मग आला 1923 सालचा 'सिंहगड'. आमच्या थोरल्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेली तानाजीची गोष्ट. आता अडचण पाहा. तेव्हाचे शूटिंग मुख्यतः सूर्याच्या उजेडात चालायचे. तानाजी तर गड चढला रात्री! बाबूरावांनी या चित्रपटासाठी कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्याकडे हे नवीनच होते. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसाने सिनेमातून रंगवलेला पडदा मात्र हद्दपार केला. त्याच्या जागी खरोखर आत शिरता येईल, वावरता येईल असे सेट बांधले. शूटिंगच्या आधी ते पात्रांचे पोशाख, उभे राहण्याच्या जागा, हालचाली यांची रेखाटने करून ठेवत. 'सिंहगड'ला इतकी गर्दी लोटली, की ती पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली अशी कथा आहे. कर मुंबई इलाख्यात 1923 सालीच आला हे मात्र खरे!

जाहिरातीतही ते काळाच्या पुढे होते. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका त्यांनी छापल्या, पोस्टर स्वतः रंगवली. शिवकाळावरच्या 'कल्याण खजिना' (1924) चे पोस्टर आजवर टिकलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय पोस्टरांत गणले जाते. या चित्रपटाला लंडनच्या वेंब्ली प्रदर्शनात पदकही मिळाले.

इथवर आल्यावर कोणीही तलवारबाजीचेच चित्रपट काढत बसला असता. इटलीत 1958 नंतर तसेच झाले. एक चालला म्हणून त्याच साच्यातले ढिगाने निघाले, आणि सात-आठ वर्षांत लोक कंटाळले. बाबूरावांनी मात्र 1925 साली 'सावकारी पाश' काढला. यात ना राजा, ना राक्षस. कर्जात बुडालेला शेतकरी, हातची गेलेली जमीन आणि शेवटी शहराची वाट. शेतकऱ्याच्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम. चित्रपट धंद्यात फारसा चालला नाही. पण घर सोडून पोटासाठी लांब गेलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

शांताराम, दामले, शेख फत्तेलाल म्हणजे साहेबमामा, केशवराव धायबर, ही सगळी बाबूरावांच्या तालमीत तयार झालेली मंडळी. झाडलोटीपासून सेट, रंगकाम, अभिनय, कॅमेरा असे पडेल ते काम करत ती शिकली. 1929 साली या चौघांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली. चार हुशार माणसे एकदम गेली की कंपनीचे काय होते, हे आपल्या क्षेत्रातल्या मंडळींना चांगले ठाऊक आहे! दोन वर्षांत बोलपट आले. बोलण्याच्या नादात चित्राची भाषा मरेल असे बाबूरावांना वाटे, आणि ते त्या वाटेने उत्साहाने गेले नाहीत. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. पुढे त्यांनी 'उषा' (1935), 'प्रतिभा' (1937) असे मोजके बोलपट केले, पण मन रमले ते पुन्हा चित्रांत आणि शिल्पांत. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला शिवरायांचा पुतळा त्यांच्याच हातचा. आम्ही कॉलेजला जाताना शेकडो वेळा त्याच्यासमोरून गेलो असू, पण कोणी घडवला हे कधी विचारले नाही.

1947 साली एक छान गोष्ट घडली. शांतारामांच्या राजकमलने 'लोकशाहीर राम जोशी' काढला, आणि दिग्दर्शनात शिष्याबरोबर गुरूचेही नाव लागले. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात बाबूराव गेले.

आता मन खट्टू करणारी गोष्ट. 'सैरंध्री' आणि 'सिंहगड' आज पाहायला मिळत नाहीत. बाबूरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले, काहींचे तुकडे तेवढे उरले. थोरल्याला 'सिंहगड' दाखवावा म्हटले तर दाखवणार काय? हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला. मग आम्ही त्याला 'संत तुकाराम' लावून दिला. 1936 सालचा हा चित्रपट दामले आणि फत्तेलाल यांचा, म्हणजे ज्यांनी बाबूरावांबरोबर कामे केली, सेट बांधले त्या हातांचा. आणि गंमत पाहा, 1937 साली त्याचा गौरव झाला तो व्हेनिसच्या महोत्सवात, म्हणजे इटलीतच!

तुकारामात तलवारी नाहीत, म्हणून तो थोडी कुरकूर करेल असे वाटले होते. पण ती साधी घरे, ती माणसांची सहज वावरणी पाहत तो शेवटपर्यंत बसला. सिनेमा संपल्यावर त्याने विचारले, की तो घरी बनवलेला कॅमेरा आतून कसा होता? आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. पुढच्या सुट्टीत अंबाबाईचे देऊळ, रंकाळा आणि तांबडा-पांढरा झाला की मुलांना तिथेही घेऊन जायचे ठरले आहे. तुम्हीही कोल्हापूरला गेलात तर पाच मिनिटे तिथे नक्की थांबा, आणि मुलांना सांगा की आपल्या माणसाने हे यंत्र विकत घेतले नव्हते, घडवले होते.