संत सावता माळी

सह्याद्रीत उगम पावलेली भीमा नदी शिरूर तालुक्याच्या सीमेवरून दौंडकडे येते आणि पुढे सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरला पोहोचते. आषाढ जवळ आला, की वारकऱ्यांची पावलेही तिकडेच वळतात. देहूहून निघालेली तुकाराममहाराजांची पालखी दौंड तालुक्यातील यवत, वरवंड या गावांवरून टाळमृदंगाच्या गजरात पुढे जाते. परंतु ज्यांनी आपल्या मळ्यालाच पंढरी मानले, असे एक थोर संत याच वारकरी परंपरेत होऊन गेले. ते म्हणजे संत सावता माळी.

सावतोबांचा जन्म इ. स. १२५० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील अरण या गावी झाला, असे मानतात. त्यांच्या वडिलांचे नाव परसोबा व आईचे नाव नांगिताबाई. घरात विठ्ठलभक्ती होती आणि मळ्याचे काम पिढीजात होते. ज्ञानेश्वर व नामदेव हे त्यांचे समकालीन. त्या काळी धर्माचे ज्ञान संस्कृत ग्रंथांत बंदिस्त होते आणि कष्टकरी जातींना ते शिकण्याचा अधिकार नव्हता. सावतोबांना पोथी मिळाली नाही. परंतु दारातला मळा त्यांच्यापुढे सदैव उघडा होता.

त्या काळचा मळा म्हणजे अविरत कष्ट. पहाटे बैल जुंपून मोटेने विहिरीचे पाणी काढावयाचे, ते पाटाने खेळवावयाचे आणि वाफ्यावाफ्याला दारे धरावयाचे. जो डोळे उघडे ठेवून हे काम करतो, त्याला मळा पुष्कळ काही शिकवतो. पहिल्याच वाफ्याने सारे पाणी घेतले, तर शेवटचा वाफा कोरडा राहतो. म्हणून प्रत्येकाला त्याचा वाटा वेळेवर द्यावा लागतो. तण कोवळे असतानाच उपटावे लागते. ते माजले, की पिकाचा घास घेते. पेरलेले बी रोज उकरून पाहिले, तर ते उगवत नाही. तेथे धीरच धरावा लागतो. न्याय, सावधपणा आणि धैर्य यांचे धडे असे मातीतच मिळतात.

लोक पंढरपूरला जात. सावतोबा मात्र मळा सोडून वारीला गेले नाहीत, अशी परंपरा सांगते. विठ्ठलावर त्यांची निष्ठा कमी होती काय? मुळीच नाही. पण चार दिवस मोट थांबली, की कोवळी रोपे माना टाकतात. आपल्यावर विसंबून असलेल्या जिवांना वाऱ्यावर सोडून केलेली पूजा देवाला कशी रुचेल? आपले काम निष्ठेने करणे हीच भक्ती, असे ते मानीत. यज्ञ, व्रते, कडक तप यांची त्यांना आवश्यकता वाटली नाही. नित्याची भाजी, मोट, दोर आणि विहीर यांतच त्यांना विठ्ठल दिसला. म्हणूनच मळ्यातले साधे शब्द त्यांच्या अभंगांत आले. आपण मोठ्या कुळात जन्मलो नाही, त्यामुळे गर्वापासून वाचलो, असेही त्यांनी समाधानाने सांगितले. त्यांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, असे सांगतात. त्यांपैकी सुमारे ३७ अभंग आज उपलब्ध आहेत.

सावतोबांच्या भेटीसाठी विठ्ठल स्वतः अरणच्या मळ्यात आला, अशी एक आख्यायिका आहे. भक्त देवाकडे गेला नाही, तर देवच भक्ताकडे आला, हे तिचे मर्म.

इ. स. १२९५ मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीला, सावतोबांनी अरण येथे देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांची पालखी मात्र जात नाही. उलट त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त पंढरपूरहून विठ्ठलाचीच पालखी अरणला येते. ज्या माळ्याने तहानलेल्या रोपांना पाठ दाखवली नाही, त्याचा हा गौरव महाराष्ट्र आजही करीत आहे.