पं. विष्णू दिगंबर पलुस्कर : फटाक्याने डोळे गेले, त्यानंतर

डोळे मिटून ऐकायचे आणि वाद्य ओळखायचे, हा खेळ अनेक घरांत चालतो. सारंगी की व्हायोलिन? सनई की क्लॅरिनेट? ‘रघुपति राघव राजाराम’ची आपल्या कानात बसलेली चाल कोणाची, हे विचारले की मोठेही अडतात. ती विष्णू दिगंबर पलुस्करांची मानली जाते.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि दृष्टीला कायमची इजा झाली. शाळा सुटली. उपचारांसाठी त्यांना मिरजेला नेले, पण दृष्टी पूर्ववत झाली नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते गाण्याकडे वळले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. 5 मे 1901 रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तेही राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या पैशावर. 1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचे शिष्य. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

दृष्टी गेली की कान आपोआप तीक्ष्ण होतात, असे नातेवाईक नेहमी सांगतात. कान तेच राहतात. लक्ष आणि सराव वाढतो. लहान वयात दृष्टी गेल्यास मेंदूचा पाहण्याचा भागही काही प्रमाणात ऐकण्याच्या कामी येतो. पलुस्करांच्या बाबतीत मी तरी वर्षानुवर्षांच्या रियाजालाच श्रेय देईन.

कळंबमध्ये दिवाळीत किंवा वरातीत अशी इजा झाली तर डोळा चोळू नका, दाबू नका. दूध, मध, गुलाबपाणी काहीही घालू नका. नुसती दारू किंवा राख उडाली असेल तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. डोळा फाटल्यासारखा दिसत असेल, रक्त येत असेल किंवा काही रुतले असेल तर धुऊ नका, रुतलेले काढूही नका. कागदी कप डोळ्यावर दाब न येईल असा उपडा ठेवून चिकटपट्टीने बसवा आणि त्याच रात्री इंदापूर किंवा बारामतीला नेत्रतज्ज्ञांकडे न्या. सकाळची वाट पाहू नका.

जोरदार मारानंतर मोतीबिंदू, पडदा सरकणे किंवा काचबिंदू काही वर्षांनीही होऊ शकतो. म्हणून डोळा बरा दिसला तरी दरवर्षी डोळ्याचा दाब आणि पडदा तपासून घ्या.